ढेकणांनी झोप उडवलीय, वाड्यात राहून बंदोबस्त कसा करायचा?

साखरपेठकर

मंडळी, विषय चारचौघांत बोलायला लाजिरवाणा आहे, म्हणून इथं टोपणनावानं विचारतोय. आम्ही सोलापुरात साखर पेठेत जुन्या वाड्यात राहतो. वर माळवद, लाकडी तुळया, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांभोवती भेगा. चार बिऱ्हाडं आहेत, मधल्या भिंती सामाईक. होळीनंतर आईच्या दंडावर आणि मानेवर गांधी उठायला लागल्या. डास म्हणावेत तर मच्छरदाणीतसुद्धा तेच. परवा मध्यरात्री मोबाइलचा उजेड उशीवर मारला, तर टम्म फुगलेला ढेकूण अभ्र्याच्या शिवणीकडं पळताना दिसला.

दुकानातला फवारा आणून मारला. समोर दिसतात ते मरतात, आठवडा जातो, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरात आईला दमा आहे आणि मुलगी दोन वर्षांची. एखादं जालीम औषध सांगा, पण या दोघींना त्रास होता कामा नये.

हायवे_वाघ

मालक, कशाला डोकं लावता? शेतीऔषधाच्या दुकानात धान्यात ठेवायची गोळी मिळती. खोलीत [आकडा काढला – संपादक] ठेवायच्या, दार लावून पाव्हण्याकडं झोपायला जायचं. सकाळी सगळं साफ. आमच्या गावाकडं असंच करतेत.

संपादक

वरच्या प्रतिसादातला गोळ्यांचा हिशेब उडवला आहे. बाकीचा प्रतिसाद मुद्दाम ठेवलाय, म्हणजे खालचं उत्तर कशावर आहे ते कळेल.

निवृत्त_मास्तर

वाघोबा, रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली म्हणून जरा कडक बोलतो, राग मानू नका. ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. गोदामात ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसानं, सरकारी बंधनं पाळून वापरायची ती वस्तू आहे. राहत्या घरात तिचं काम नाही. वाड्याच्या भिंतीतल्या ज्या भेगेतून ढेकूण पलीकडं जातो, त्याच भेगेतून हा वायूही जातो. तुम्ही दार लावून पाव्हण्याकडं जाल, पण पलीकडं झोपलेल्या बिऱ्हाडाचं काय? फॉस्फीनवर उतारा नाही. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टर लक्षणांवरच उपचार करत बसतात. या गोळीनं शेजारची माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या देशात अधूनमधून येतातच.

दुसरं, कुणी डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची जुनी बाटली काढून दिली तरी घेऊ नका. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे. आणि रॉकेल, पेट्रोल गादीला लावायचं असले उद्योग करू नका. ढेकूण राहतील बाजूला, वाडा पेटेल.

हायवे_वाघ

मास्तर, शेजारच्या खोलीचं डोक्यात आलं नव्हतं. राहू द्या मग गोळी.

किडामुंगी

कीटकशास्त्र शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

तुमच्या प्रश्नात 'जालीम औषध' आलंय तिथंच गोची आहे. आपल्याकडचा ढेकूण बहुतेक ठिकाणी उष्ण प्रदेशातला, सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांत सायमेक्स लेक्ट्युलॅरियस जास्त. दोघांचीही बाजारातल्या नेहमीच्या फवाऱ्यांना, म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनच्या कुळातल्या औषधांना, जगभर प्रतिकारशक्ती आलेली आहे. ही गोष्ट आजची नाही. डीडीटी नवीन होतं तेव्हा ढेकूण संपले असंच सगळ्यांना वाटलं होतं, पण हवाईतल्या सैनिकी बराकींमध्ये १९४७ सालीच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. आपल्याकडं १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन घराघरांत डीडीटी मारलं गेलं, तेव्हाही पुढं पुढं लोक तक्रार करायला लागले की फवारणी झाली की ढेकूण वाढतात. मरत नव्हते, नुसते चवताळून बाहेर पडत होते. कित्येकांनी त्यापायी फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवलं.

आता 'आठवड्यानं पुन्हा तेच' का होतं ते बघा. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, आयुष्यात दोनशेच्या वर. अंडं मिलिमीटरभर, पांढरं, लाकडाला चिकटवलेलं. बहुतेक फवाऱ्यांचं अंड्यावर फारसं काही चालत नाही. आपल्या उकाड्यात आठवड्याभरात पिल्लू बाहेर येतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याआधी एकदा तरी रक्त प्यावंच लागतं. सगळं मनासारखं मिळालं तर महिना-सव्वा महिन्यात ते स्वतः अंडी घालायला तयार. म्हणून एकदाच मारलेला कुठलाही फवारा हा अर्धाच उपाय. दुसरी फेरी दहा ते चौदा दिवसांनी झालीच पाहिजे, नवी पिल्लं बाहेर आलेली असतात पण मोठी झालेली नसतात तेव्हा.

खोली बंद ठेवून उपाशी मारू म्हणाल तर तेही नाही. उन्हाळ्यातसुद्धा मोठा ढेकूण दोन-तीन महिने तग धरतो, थंडीत त्याहून बराच जास्त. आणि कृपा करून घाबरून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते तुमच्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर असतात. तुम्ही हललात की तेही पसरतात.

मग करायचं काय? आधी शोधायचं. ढेकणाला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, तो चालत येतो, पाच-दहा मिनिटं पितो आणि चालत परत जातो. म्हणून बिऱ्हाड शक्यतो अंथरुणापासून हाकेच्या अंतरावरच मांडतो. रात्री टॉर्च आणि एक जुनं एटीएम कार्ड घेऊन बसा. कार्डाची कड फटीतून ओढत न्यायची. गादीची शिवण, गादीचे टाके, दिवाणाच्या बिजागऱ्या, स्क्रूची भोकं, लोखंडी खाटेच्या पायाची नळी, कॅलेंडरमागचा खिळा, तसबिरीची मागची पट्टी, स्विचबोर्डाची कड. शाईचा थेंब टिपकागदावर पडावा तसे काळे ठिपके दिसतील, ती त्यांची विष्ठा. ओल्या फडक्यानं पुसलं तर तांबूस फराटा उठतो. पिवळट पातळ टरफलं दिसली तर ती कात.

गोधडी

किडामुंगी, एक शंका. आमच्याकडं यजमानांना काहीच होत नाही, मला मात्र गांधी. ते म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत.

किडामुंगी

ताई, चावतात दोघांनाही, फक्त त्यांच्या अंगावर उठत नाही. कित्येकांच्या अंगावर काहीच दिसत नाही, काहींना दिसायला आठवडाभर लागतो. यजमानांना रात्री टॉर्च घेऊन बसवा.

त्वचा_आणि_इतर

दवाखान्यात रोज बघतो म्हणून लिहितो. ढेकणाचं चावणं बहुधा उघड्या भागावर असतं, दंड, मान, पाय, आणि बऱ्याचदा एका ओळीत. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आत, बेंबीभोवती खाज असेल आणि घरात सगळ्यांनाच सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तिची औषधं वेगळी, घरात फवारा मारून ती जात नाही. ढेकणानं माणसाला कुठला रोग पसरवल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, एचआयव्ही किंवा कावीळसुद्धा नाही. पण खाजवून जखम झाली की ती चिघळते. लहान मुलांची नखं कापून ठेवा, थंड पाण्याच्या घड्या, कॅलामाइन लावा. पू झाला, ताप आला किंवा ओठ-डोळे सुजले तर थांबू नका. झोपेचं खोबरं होतं तो त्रास वेगळाच, त्याची कुणी गणतीच करत नाही.

जुळेसोलापूर_काकू

सोपं सांगते. एप्रिलात घाल गाद्या गच्चीवर. आपलं ऊन म्हणजे ऊन आहे, त्रेचाळीस-चव्वेचाळीस. ढेकणाचा बाप मरतो.

किडामुंगी

काकू, तुमच्या उन्हाला नमस्कार, पण त्यात एक मेख आहे. ४५ अंशांत मोठा ढेकूण मरायला दीड तास लागतो. ४८ अंशांत अंडं मरायला तासाहून जास्त. ५५ च्या वर गेलं तर अंडंही लगेच मरतं. बाहेरची हवा ४३ असली तरी कापसाच्या गादीच्या खालच्या बाजूला त्याहून बरंच कमी असतं, आणि ढेकूण काही उन्हात पाय पसरून बसत नाही. वरची बाजू तापली की खाली जातो. मग आपण गादी उलटतो, तो पुन्हा वर.

उन्हाचा उपयोग करायचा तर पातळ वस्तूंवर करा. कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, शाळेची दप्तरं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरा, तोंड घट्ट बांधा आणि पत्र्यावर दुपारभर ठेवा. पत्र्याची ट्रंक असेल तर उत्तम. मधोमध एक थर्मामीटर ठेवा, तापाचा नको, भिंतीवर लावतात तसला. आतलं तापमान ५० च्या पुढं जाऊन दोन-एक तास टिकलं तर काम झालं. नाही गेलं तर ते नुसतं वाळवण.

रिकामी_घागर

सगळे म्हणतात गरम पाण्यात धुवा. सोलापुरात राहून हे बोलायला हिंमत लागते. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, त्यात प्यायचं भरायचं की वाकळा धुवायच्या?

चाळीतली_सून

घागरताई, आम्ही अशोक चौकाकडं चाळीत राहतो, तिथं हाच प्रश्न होता. सगळं धूत बसायचंच नाही. पाणी येणार त्या दिवशी फक्त अंथरुणातले कपडे, तेही बंबातल्या कढत पाण्यात अर्धा तास बुडवून. साठ अंश म्हणजे हात घालवत नाही इतकं. बाकी सगळ्याला इस्त्री. कोळशाची असो की विजेची, शिवणीवरून दाबून, सावकाश. गोधडीची कड, अभ्र्याचा कोपरा, परकराच्या नाडीचं नेफं. इस्त्रीला पाणी लागत नाही. लोखंडी खाट असेल तर अंगणात नेऊन सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, आमच्या सासूबाई हेच करायच्या. प्लायवूडच्या दिवाणावर मात्र ओतू नका, फुगून बसेल.

साखरपेठकर

काकू, ताई, आभार. गादी कापसाची आहे, जुनी. फेकून द्यावी का? आणि एक विचित्र शंका, सोलापुरी चादरीत ढेकूण होतात का हो? पाहुण्यांना चादर भेट द्यायची होती.

लूमवाला_अण्णा

मालक, चादरीला बोल लावू नका बरं! आमचं पोट त्याच्यावर हाय. ढेकूण सूत खात नाय, रक्त पितो. त्याला पायजे लपायला जागा. चादर एकपदरी, काठाची दुमड सोडली तर लपणार कुठं? झटकली, कढत पाण्यातनं काढली, झालं. खरी लपायची जागा म्हणजे वाकळ, चार-पाच लुगड्यांचे थर अन् मधी हजार टाके. कारखान्यात पोरं मागाशेजारीच झोपतात, त्यांच्या वळकट्या गावाकडनं येतात, पुन्हा गावाला जातात. आम्ही आता नियम केलाय, गावाहून आलेली वळकटी पयली उन्हात पिशवीत, मग आत.

गादी फेकू नका. पिंजून घ्या. पण पिंजाऱ्याकडं नेताना प्लास्टिकात गुंडाळून, तोंड बांधून न्या, आणि त्याला आधी सांगा. नायतर त्याच्याकडं ठेवलेल्या दुसऱ्यांच्या गाद्यांत तुमचे पाव्हणे जातील. जुनी खोळ तिथं नेऊच नका, घरीच उसवून उकळत्या पाण्यात टाका. कापसाच्या पोटात ढेकूण फारसा शिरत नाय, तो शिवणीला असतो.

पुस्तकी_किडा

अवांतर: बाल्कन देशांत पूर्वी रात्री पलंगाखाली घेवड्याच्या जातीच्या वेलाची पानं पसरायचे आणि सकाळी ढेकणांसकट गोळा करून जाळायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पानावरचे बारीक आकडे ढेकणाच्या पायात आरपार घुसतात. त्यांनी तसा कृत्रिम पृष्ठभाग करून पाहिला, पण त्यात ढेकूण पानासारखा अडकेना.

आणि आपल्याकडचं जुनं सुभाषित आहेच, लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर, विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या भीतीनं. म्हणजे साखरपेठकर, लाजू नका, थोरामोठ्यांची सोबत आहे.

हायवे_वाघ

मार्केट यार्डात घेवडा स्वस्त हाय सध्या 😄 पण मास्तर, खडूच्या रेषा, डांबरगोळ्या, ते प्लगमधी लावायचं आवाजाचं यंत्र, यातलं काय चालतं का?

निवृत्त_मास्तर

यातल्या कशावरही पैसा घालवू नये. धुराच्या डब्यांचंही तेच, धूर खोलीच्या मधोमध राहतो, ढेकूण फटीत.

किडामुंगी

पायाखाली वाट्या ठेवायची जुनी पद्धत मात्र चांगली. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवायचा, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. परदेशी व्हिडिओत कोरड्या गुळगुळीत वाट्या दाखवतात, त्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या हेमिप्टेरसला गुळगुळीत भिंत चढता येते, त्याच्या पायांना तशी पकड असते. म्हणून पाणी आणि त्यात साबणाचा थेंब. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास. वाटीत किती पडले ते बघून प्रकरण वाढतंय की ओसरतंय तेही कळतं.

डायटोमेशियस अर्थ म्हणून पांढरी भुकटी मिळते, ती ढेकणाच्या अंगावरचं मेणाचं कवच खरवडते आणि तो सुकून मरतो. सोलापूरची कोरडी हवा तिला मानवते. पण साखरपेठकर, आईंना दमा आहे. ती भुकटी गादीवर, जमिनीवर भुरभुरवायची नाही. आई घरात नसताना, तोंडाला फडकं बांधून, ब्रशनं फक्त तुळईच्या आणि चौकटीच्या फटीत, आणि वरून फट लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून टाका. खुंट्यांभोवतीच्या भेगा तर पहिल्यांदा बुजवा.

साखरपेठकर

काल रविवारी दिवाण उघडला. फळी सुटी करून उलटी केली तर वरून स्वच्छ. बिजागरीचा स्क्रू काढला आणि भोकाच्या तोंडाशी काळा चिकट थर दिसला. टाचणी घातली तर एकामागून एक बाहेर. मोठे तांबूस, आणि त्यांच्यामागं तिळाहून बारीक, जवळजवळ पारदर्शक पिल्लं, पोटात लाल ठिपका. बिजागरीच्या पत्र्याखाली अंडी, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी चिकटलेली. वास असा की अजून नाकातून जात नाही. मुलीच्या फोटोच्या चौकटीमागंसुद्धा निघाले. व्हॅक्यूम क्लीनर शेजाऱ्यांकडून आणला, बारीक नळीनं ओढून घेतले, पिशवी तिथंच प्लास्टिकात बांधून बाहेर टाकली.

आता अडचण अशी की बाकीची बिऱ्हाडं म्हणतात, "आमच्याकडं नाहीत बाई." मालकही पुण्यात.

चाळीतली_सून

असंच म्हणतात सगळे. आमच्या चाळीत पण कुणी कबूल होईना. भांडायला गेलात तर कडी लावून घेतील. मी काय केलं, हळदीकुंकवाला आल्या तेव्हा माझ्याच घरातलं कॅलेंडर काढून मागचा खिळा दाखवला. म्हटलं आमच्यात निघाले, तुमच्याकडं गेले असतील तर माझ्या जिवाला घोर लागलाय. दुसऱ्या दिवशी दोघी आपणहून सांगत आल्या. घाणीमुळं होतात हा समज लोकांच्या डोक्यातून निघत नाही, म्हणून लपवतात. अहो, चकाचक लॉजमधून आणि स्लीपर बसमधूनही येतात. पसारा जास्त असला की लपायला जागा जास्त, एवढाच काय तो संबंध.

हुतात्मा_प्रवासी

बसचा विषय निघाला म्हणून, मी पुण्यात वसतिगृहावर असते. घरी आले की आई बॅग दारातच अडवते. आधी राग यायचा, पण आमच्या मजल्यावर निघाल्यापासून बॅग पलंगावर ठेवायची सवय मीही सोडली. कपडे थेट बंबाच्या पाण्यात, बॅग काळ्या पिशवीत पत्र्यावर.

गोधडी

किडामुंगी, यजमानांना बसवलं टॉर्च घेऊन. त्यांच्याच उशीखाली निघाला. 🙏

साखरपेठकर

सूनबाईंची युक्ती लागू पडली. चारपैकी तीन बिऱ्हाडं तयार, चौथ्या आजी म्हणतात तुम्ही करा, मी दार उघडं ठेवते. एकत्र पेस्ट कंट्रोल करायचं ठरतंय. एकानं 'एकदाच मारू, वर्षाची गॅरंटी' सांगितलं, दुसरा दोन फेऱ्या म्हणतो आणि पैसे जास्त सांगतो. कुणाला द्यावं?

निवृत्त_मास्तर

दोघांनाही परवाना मागा. पैसे घेऊन घरोघरी फवारणी करायची तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. औषधाचं नाव बिलावर लिहून द्या म्हणावं. जो नाव सांगायला कां-कूं करतो, त्याला वाड्यात घेऊ नका.

किडामुंगी

दोन फेऱ्यावाला. आणि त्याला सांगा की चारही बिऱ्हाडं एकाच दिवशी, पुन्हा दहा ते चौदा दिवसांत सगळी एकत्र. त्याआधी दिवाणाचे सगळे स्क्रू काढून ठेवा, तसबिरी उतरवा, कपडे पिशव्यांत. फवारणीच्या दिवशी आई आणि मुलगी बाहेर, तो सांगेल त्याहून थोडं जास्तच थांबा, आणि दारंखिडक्या उघडून, सगळं वाळल्यावर आत या. गादी-उशीला अंगाला लागेल असं काही मारू देऊ नका. पायाखालच्या वाट्या तशाच राहू द्या. दुसऱ्या फेरीनंतर सहा-आठ आठवडे वाटीत काही पडलं नाही, कुणाला चावलं नाही, तर सुटलात. मधे एखादा दिसला तर घाबरू नका, मारून टाका आणि कुठं दिसला ते लिहून ठेवा, फवारणीवाल्याला दाखवायला.

लूमवाला_अण्णा

चौथ्या आजींचं सामान हलवायला माणूस पायजे असेल तर सांगा, आमची दोन पोरं पाठवतो. गुरुवारी माग बंद असतात.

साखरपेठकर

अण्णा, गुरुवारच ठरवूया. आजींचा लाकडी पेटारा एकट्यादुकट्यानं हलणारा नाही.